पुढच्या नाटकाचं लाकूड

बीड जिल्ह्यात पाण्याचा हिशेब घराघरात होतो. नळाला कितव्या दिवशी पाणी येणार, टँकर किती लिटरचा मागवायचा, लग्न उन्हाळ्यात धरायचं की त्याआधी उरकायचं, हे सगळं पाण्यावर ठरतं. नाटक करणारी माणसंही याच घरांतली. पण नाटकाच्या जमाखर्चाच्या वहीत मात्र पाण्याला, विजेला किंवा लाकडाला रकाना नसतो. तिथं फक्त रुपये लिहिले जातात.

मी एका तालुक्याच्या गावात शिक्षक आहे आणि तिथल्याच हौशी नाट्यमंडळीत नेपथ्य आणि दिग्दर्शन बघतो. नाटकाचा निसर्गावरचा भार कमी कसा करायचा, हा विचार आमच्याकडे पुस्तकातून आला नाही, दुष्काळातून आला. त्या कामात बरीच वर्षं काढल्यावर मला एक गोष्ट पक्की कळली आहे. प्रयोग संपल्यावर कचऱ्याचं काय करायचं हा प्रश्न फार उशिरा विचारला जातो. नाटक किती लाकूड खाणार, किती वीज ओढणार आणि किती पाणी पिणार हे संहितेच्या पहिल्या वाचनालाच ठरतं. त्या बैठकीत जो बोलत नाही, त्याच्या हाती पुढं फक्त झाडू उरतो.

२०१६ चा उन्हाळा मराठवाड्यात कुणीच विसरणार नाही. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं आणि देशभर बातमी झाली. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण आमच्याच जिल्ह्यात, केज तालुक्यात धनेगावला आहे. ते कोरडं पडलं होतं. आमच्या तालमीला येणाऱ्या मुली टँकर आला की घरी पळायच्या आणि हंडे भरून झाले की परत यायच्या. अशा दिवसांत नाटक करावं का, यावर मंडळीत बरीच चर्चा झाली. ज्येष्ठ मंडळींचं म्हणणं पडलं की माणसं घरात बसून आभाळाकडं बघत राहण्यापेक्षा चार जण एकत्र येऊन काही करतील तर ते बरंच आहे. मलाही ते पटलं. पण मग आपलं नाटक गावाच्या वाट्यातलं किती घेतं, हे बघणं आमच्यावर आलं.

आम्ही मोजायला बसलो तेव्हा पाणी अनपेक्षित ठिकाणी सापडलं. रंगमंच पुसायला लागणारं पाणी थोडंच होतं. जास्त पाणी लागत होतं प्रेक्षागृहातल्या मोठ्या कूलरना, स्वच्छतागृहांना आणि प्रत्येक प्रयोगानंतर कपड्यांची गाठोडी धुवायला. कूलर तासातासाला पाणी मागतो, आणि उन्हाळ्यात भरल्या सभागृहात तो बंद ठेवता येत नाही. मग आम्ही उन्हाळ्यातले प्रयोग सभागृहातून बाहेर काढले. शाळेच्या मैदानावर, देवळासमोरच्या पटांगणात, सूर्य मावळून जमीन निवल्यावर नाटक सुरू करायचं. त्यामुळं कूलरचं पाणी वाचलंच, शिवाय सभागृहाच्या पायरीवर पाय ठेवायला बिचकणारी माणसंही नाटकाला येऊन बसली. कपड्यांसाठी आमच्यातल्या एका ताईंनी साधा नियम केला. प्रत्येक नटानं वेषाच्या आत सुती बनियन घालायचं. प्रयोगानंतर बनियन धुवायचं, वरचे कपडे मात्र कडक उन्हात वाळत घालायचे. आमच्या जिल्ह्यात उन्हाला तोटा नाही.

लाकडाचं गणित आम्हाला आमचं नेपथ्य बांधणाऱ्या मिस्त्रीमामांनी शिकवलं. हौशी नाटकाचं नेपथ्य बहुतेक ठिकाणी एकाच पद्धतीनं होतं. रिपा आणतात, प्लाय आणतात, खिळे ठोकतात, रंग मारतात. स्पर्धा झाली की खिळे उपटताना रिपा फुटतात, प्लायचे कोपरे उडतात आणि उरलेलं सरपणाला जातं. मामा एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, खिळा ठोकला की ते लाकूड एकाच नाटकाचं झालं. नटबोल्ट लावा, मंग बघा, पुढच्या नाटकाला हेच लाकूड उभं राहतं का न्हाई." तेव्हापासून आमच्याकडं नवं लाकूड विकत घेताना ते कोणकोणत्या नाटकांत बसेल हे आधी बघतात. लेव्हल, म्हणजे रंगमंचावर मांडायचे चौथरे, चार बाय आठ आणि चार बाय चार फूट या दोनच मापांच्या. फ्लॅट, म्हणजे भिंतीसाठी उभ्या करायच्या चौकटी, एकाच उंचीचे, मागून बिजागरी आणि टेकू. दारं-खिडक्या गावातल्या पाडलेल्या वाड्यांमधून आणलेल्या. सागवानी चौकटीचा एक दरवाजा तर आमच्या इतक्या नाटकांत उभा राहिला आहे की जुने प्रेक्षक त्याला ओळखतात. सुटं होणारं नेपथ्य छोट्या टेम्पोत मावतं. मांजरसुंब्याचा घाट चढताना मोठ्या ट्रकला लागणारं डिझेलही त्यामुळं वाचतं.

एकच सामान अनेक नाटकांत वापरायची ही युक्ती आमची नाही, हे मला नंतर मराठी रंगभूमीचा इतिहास वाचताना उमगलं. संगीत नाटकाच्या काळातल्या कंपन्या गावोगाव फिरायच्या तेव्हा त्यांच्या सामानात ठरावीक पडदे असायचे. रस्त्याचा पडदा, राजवाड्याचा पडदा, बागेचा, जंगलाचा. नाटक कोणतंही असो, रस्त्यावरच्या प्रवेशाला रस्त्याचाच पडदा पडायचा, आणि प्रेक्षकांना त्यात खटकत नसे. पुढं वास्तववादी नाटक आलं, तीन भिंतींचा दिवाणखाना आला आणि प्रत्येक नाटकाला स्वतःचं वेगळं घर लागू लागलं. त्यातून चांगली नाटकं झाली यात शंका नाही. पण एकदाच वापरायचं नेपथ्य ही सवय त्यातूनच आली.

आणि त्याच्याही आधीपासून आमच्याकडं एकनाथांचं भारूड आहे. गेवराई तालुक्यातून गोदावरी ओलांडली की एकनाथांचं पैठण. भारूड करणारा माणूस डोक्यावर पदर घेतो आणि बाई होतो, खांद्यावर घोंगडी टाकतो आणि दुसराच कुणी होतो. मागं टाळ-मृदंग वाजतो आणि समोरच्या माणसाला गाव, रान, सासर, बाजार सगळं दिसतं. विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' १९७२ मध्ये रंगमंचावर आलं तेव्हा माणसांच्याच रांगेची भिंत झाली. तीच भिंत हलते, गाते, लपवते आणि उघडं पाडते. मराठी रंगभूमीवरच्या सर्वांत गाजलेल्या दृश्यांपैकी एक दृश्य कुठल्याही प्लायचं बनलेलं नाही. नव्या मुलांना मी हे आवर्जून सांगतो. कमी सामान म्हणजे कमी नाटक, असं त्यांना वाटू नये.

आमची खरी परीक्षा ऊसतोड कामगारांवरच्या नाटकात झाली. दसरा-दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातून लाखो माणसं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांकडं जातात आणि हंगाम संपल्यावर उन्हाळ्यात परततात. त्या नाटकात कारखान्याच्या तळावरची कोपी, म्हणजे मजुरांची तात्पुरती झोपडी, हवी होती. पहिल्या आराखड्यात कोपी थर्माकोलची होती. हलकी, झटपट आणि लांबून हुबेहूब. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आली, तरी नाटकाच्या आणि आराशीच्या कामात थर्माकोलची सवय सहज सुटत नव्हती. त्याचं पुढं काय होतं हे सगळ्यांना माहीत आहे. सभागृहाच्या मागं तुकडे पडून राहतात, वाऱ्यानं नाल्यात जातात किंवा कुणीतरी काडी लावतं आणि त्या धुरात पोरं खेळत राहतात.

वाचनाच्या बैठकीत एका मुलीनं विचारलं, "सर, खरी कोपी का नाही बांधायची? माझी आजी बांधते की." दुसऱ्या दिवशी तिची आजी तालमीला आली. आराखडा बघून म्हणाली, "गुरुजी, कोपीचं तोंड असं वाऱ्याकडं कुणी करतंय व्हय? रात्री लेकरं गारठून जात्याल." मग बांबू, चटई आणि वरून पाचट अशी खरी कोपी तिनं आमच्याकडून बांधून घेतली. चूल कुठं, हंडे कुठं, कोयता कुठं अडकवायचा, लेकराची झोळी कुठं, हे तिनंच ठरवलं. गावातल्या घराची भिंत तुराट्यांच्या कुडाची केली आणि शेणानं सारवली. प्रयोगांनंतर बांबू मालकाला परत गेले, चटया ज्यांच्या त्यांच्या घरी गेल्या, पाचट एका शेतकऱ्यानं आच्छादनाला नेलं आणि तुराट्या चुलीत गेल्या. मागं टाकून द्यायला काही उरलं नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नाटक खरं झालं. प्रेक्षकांत ऊसतोडीत कोयता चालवलेली माणसं बसली होती. त्यांनी कोपी बघितली आणि पहिल्या मिनिटापासून नाटक आपलं मानलं. थर्माकोलच्या कोपीनं हे कधीच घडलं नसतं.

पाचटामुळं दिव्यांचा प्रश्न आपोआप पुढं आला. वाळलेल्या पाचटावर हजार वॅटचा हॅलोजन रोखणं म्हणजे आगीलाच आमंत्रण. हॅलोजन विजेचा फार थोडा भाग उजेडासाठी वापरतो, बाकी सगळी उष्णता होते. कोपीजवळचे सगळे दिवे म्हणून एलईडी केले आणि विंगेत वाळूच्या बादल्या ठेवल्या. मग हिशेब मांडला. हजार वॅटचे बारा दिवे पूर्ण उजेडावर तीन तास लावले तर छत्तीस युनिट वीज जाते. तेवढाच उजेड देणारे एलईडी त्याच्या लहानशा हिश्श्यात काम करतात. शिवाय रंगासाठी दिव्यासमोर जिलेटिनचा रंगीत कागद लावावा लागत नाही, त्यामुळं तो जळून फाटण्याचा प्रश्नही उरत नाही.

पण सगळे हॅलोजन भंगारात काढा, असं मी कुणाला सांगणार नाही. चालू स्थितीतला दिवा फेकून नवा घेणं हासुद्धा खर्चच आहे, पैशाचा आणि खनिजांचाही. स्वस्त एलईडीखाली आपल्याकडचे गव्हाळ-सावळे चेहरे करडे दिसतात, आणि करुण प्रसंगात ते फार जाणवतं. म्हणून चेहऱ्यासाठी मोजके हॅलोजन आम्ही ठेवले आहेत आणि डिमरवर ते कमीच उजेडावर चालवतो. त्यानं वीज वाचते आणि दिव्याचं आयुष्यही वाढतं. तालमी ट्यूबलाइटखाली होतात. प्रकाशयोजना आधी कागदावर पूर्ण होते आणि दिवे लावून तालीम अगदी शेवटी. याचा दुसरा फायदा मला अनपेक्षित होता. प्रत्येक दिवा का हवा हे कागदावर लिहावं लागलं की निम्मे दिवे आपोआप गळतात. जे उरतात त्यांना अर्थ असतो.

वीज आणि पाणी हे दोन वेगळे हिशेब आहेत असं बीडमध्ये राहून म्हणता येत नाही. परळीचं औष्णिक वीज केंद्र आमच्याच जिल्ह्यात आहे. तिथं कोळसा बाहेरून रेल्वेनं येतो आणि पाणी गोदावरीच्या खोऱ्यातून येतं. दुष्काळात पाणी नाही म्हणून हे केंद्र २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये बंद ठेवावं लागलं. आमच्या रंगमंचावरची वीज नेमकी कुठून येते ते सांगता येत नाही, ती साऱ्या राज्याच्या जाळ्यातून येते. पण कोळशावरच्या विजेला पाणी लागतं, एवढं परळीनं आम्हाला दाखवून दिलं आहे. प्रकाशयोजना शिकायला येणाऱ्या मुलांना मी हीच गोष्ट पहिल्यांदा सांगतो. दिव्याचं बटण दाबताना हात जरा थांबला तर ते चांगलंच.

कापडाबाबत आम्हाला अंबाजोगाईनं वाट दाखवली. संतकवी दासोपंतांनी सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद पासोडीवर वेदान्त लिहिला, आणि ती पासोडी तिथं जतन केलेली आहे. अंगावर पांघरायच्या कापडाचा एका माणसानं ग्रंथ केला आणि शेकडो वर्षं लोकांनी तो सांभाळला. ते बघून आल्यावर आमच्या एका नेपथ्यकारानं फ्लेक्सचा छापील पडदा रद्द केला आणि जुन्या सुती धोतरांचे, साड्यांचे पट्टे शिवून मोठा पडदा केला. गेरू, पिवडी, चुना, नीळ आणि सरस एवढ्यातच तो रंगवला. हा पडदा धुऊन पुन्हा रंगवता येतो, पण धुवायला पाणी लागतं. म्हणून आम्ही तो उलटा करतो, पट्ट्यांची जागा बदलतो, वरून नवा हात देतो. प्रकाश मागून टाकला की शिवणींच्या रेषा दिसतात, आणि शेताचे बांध उभे राहतात. छापील फ्लेक्सवर ही खोली मिळत नाही.

ही सगळी कामं करताना संस्थेच्या हातात काय आहे आणि काय नाही, हे स्पष्ट बघायला हवं. नेपथ्य आणि दिवे आमच्या हातात आहेत. सभागृहाची इमारत आमच्या हातात नाही, आणि सर्वांत मोठं पाणी तिथंच आहे. पाचशे चौरस मीटरचं छप्पर धरा आणि वर्षाला सहाशे मिलिमीटर पाऊस धरा. गळती-बाष्पीभवन वजा केलं तरी सुमारे दोन लाख चाळीस हजार लिटर पाणी त्या एका छपरावरून धरता येतं. म्हणजे दहा हजार लिटरचे चोवीस टँकर. कमी पावसाच्या वर्षी ते निम्म्यावर येईल, तरी बारा टँकर हातात राहतील. नाट्यगृह बांधताना किंवा दुरुस्त करताना पन्हाळी, गाळणी आणि टाकीची तरतूद केली तर स्वच्छतागृहाचं पाणी बरेच महिने छपरावरच मिळेल. छपरावर सौर पॅनेल बसवले तर कार्यक्रम नसलेल्या दिवसांची वीज गावाच्याच कामी येईल. जिल्ह्यातल्या प्रत्येक पालिकेनं सभागृहाच्या अंदाजपत्रकात या दोन तरतुदी लिहाव्यात, अशी माझी कळकळीची मागणी आहे.

जगातही हा विचार पुढं गेला आहे. ब्रिटनमधल्या रंगकर्मींनी २०२१ मध्ये 'थिएटर ग्रीन बुक' तयार केलं. नेपथ्यातलं किती सामान आधी कुठंतरी वापरलेलं आहे आणि प्रयोगानंतर किती सामान पुढं वापरलं जाणार, हे त्यात मोजायला सांगितलं आहे. मिस्त्रीमामांचा नटबोल्ट आणि हे मोजमाप एकच गोष्ट सांगतात. फरक इतकाच की थंड देशांत इमारत तापवायला लागणारी ऊर्जा मोठी असते, आमच्याकडं इमारत निववायला लागणारं पाणी मोठं असतं. म्हणून त्यांचे नियम जसेच्या तसे उचलून चालणार नाही. आपले आपण लिहिले पाहिजेत.

निसर्गाचा विचार करणारी रंगभूमीवरची माणसं आपल्याकडंही आहेत. रंगभूमीवरून पुढं आलेले सयाजी शिंदे यांनी सह्याद्री देवराई या संस्थेच्या माध्यमातून बीडजवळ पालवणच्या उघड्या डोंगरावर झाडं लावली. तिथं फेब्रुवारी २०२० मध्ये वृक्ष संमेलन भरलं आणि त्याचं अध्यक्षपद वडाच्या झाडाला दिलं गेलं. नटानं डोंगर हिरवा करायला घेतला याचा मला एक रंगकर्मी म्हणून अभिमान वाटतो. पण मला त्यापुढं हेही वाटतं की झाड लावणाऱ्या रंगभूमीनं आपल्या रंगमंचावर झाड किती लागतं तेही मोजावं.

यापुढचं अडलेलं काम जागेचं आहे. हौशी संस्थांकडं गोदाम नसतं, म्हणून चांगल्या लेव्हल आणि दारं विकली जातात. जिल्ह्यातल्या सगळ्या मंडळींनी मिळून एक सामायिक नेपथ्य-भांडार केलं तर अंबाजोगाईचा दरवाजा माजलगावच्या नाटकात लागेल आणि गेवराईचे फ्लॅट परळीत उभे राहतील. बंद पडलेल्या एखाद्या शाळेच्या दोन खोल्या आणि एक वही, एवढ्यावर ते सुरू होऊ शकतं. राज्य नाट्य स्पर्धेत नेपथ्याला पारितोषिक असतं. ते देताना हे नेपथ्य पुढं आणखी कशात वापरता येईल, हा प्रश्न परीक्षकांनी विचारला तर गावोगावचे नेपथ्यकार एका वर्षात बदलतील. स्पर्धा ज्याला गुण देते, तेच मुलं शिकतात.

आमच्या मंडळीत आता प्रत्येक संहितेच्या पहिल्या पानावर चार प्रश्न लिहिलेले असतात. यातलं काय आपल्याकडं आधीच आहे? काय कुणाकडून आणून परत देता येईल? यातला कोणता दिवा नसला तरी नाटक उभं राहील? आणि या नाटकाला किती पाणी लागेल? उत्तरं मिळेपर्यंत नेपथ्याचं चित्र काढायला घेत नाहीत. या प्रश्नांनी आमचं नाटक कधी अडलं नाही, उलट दिग्दर्शकाला आपल्याला नेमकं काय सांगायचं आहे हे लवकर कळलं. पाणी संपलं की माणसांना गाव सोडावं लागतं, अशा जिल्ह्यात आम्ही राहतो. इथल्या नाटकवाल्यांनी हा हिशेब कुणी मागेल याची वाट बघू नये, तो स्वतःहून मांडावा.